झऱ्यावरचे मास्तर

चीनमधल्या जीनान शहरात ज्याला त्याला ‘मास्तर’ म्हणायची रीत आहे. भाजीवाला मास्तर, बसचा ड्रायव्हर मास्तर, पत्ता विचारायला थांबलेला परगावचा माणूसही मास्तरच. रीत मोठी गोड. कुणाला नाव विचारायची कटकटच नाही. पण याच रीतीने लुआन दशुनचा घात केला. अर्धा दोष त्याचा स्वतःचा होता, हे आधीच सांगून टाकतो.

लुआन हे आडनाव, तिकडे ते आधी लावतात; माणूस सूतगिरणीत फिटर होता. चाळीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढली, तिथे बोलून ऐकू येणार कुणाला? बायको गेल्यावर तर तो आणखीच गप्प झाला. मुलगी दूर ग्वांगचौ शहरात. ती रविवारी फोन करायची, “जेवलात का?” हा म्हणायचा, “जेवलो.” संपलं. जिन्यात शेजारी दिसला की हा दोन-दोन पायऱ्या चढून दार लावून घ्यायचा. माणूसघाणाच, दुसरं काय!

सकाळी सहाला मात्र तो चाकांच्या गाडीवर दोन कॅन बांधून काळ्या वाघाच्या झऱ्यावर जायचा. दगडी वाघांच्या तोंडातून तिथे बारा महिने पाणी पडतं, आणि अर्धं गाव त्याच पाण्याचा चहा पितं. नळाच्या पाण्याचा चहा म्हणजे औषध. त्या रांगेत अकरा वर्षांपूर्वी मागून आवाज आला होता.

“मास्तर, तुमचा कॅन गळतोय.”

“गळू दे.”

“गळू दे कसं? घरी पोचेपर्यंत सगळा चहा रस्ताच पिईल की!”

मागे एक उंच म्हातारा उभा होता. डाव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलेलं, आणि हसू कानापर्यंत. लुआनला हसायचं नव्हतं, तरी आलं.

तेव्हापासून रोज दोघं पाणी भरून, गाड्या ओढत दामिंग तळ्यावर जायचे. विलोच्या झाडाखाली बाकावर बसून मोगऱ्याचा चहा प्यायचे. मास्तर बोलायचे, लुआन ऐकायचा. मास्तरांची बायको गेली होती, मुलगी दूर होती, आणि मांजर दिसलं की ते घाबरून पाय वर घ्यायचे, एवढं सगळं लुआनला ठाऊक झालं. नाव तेवढं ठाऊक नव्हतं, घरही नव्हतं. विचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं? पण नाही विचारलं. लागलंच नाही कधी.

या वर्षी कमळाची पहिली पानं पाण्यावर आली तेव्हा मास्तर म्हणाले, “रविवारी घरी या. डंपलिंग करतो.”

“मला कुणाच्या घरी जायला जमत नाही.”

“अहो, माझ्या घरी माझ्याशिवाय आहे कोण? खुर्च्या काय चावतात?”

“नको म्हटलं ना एकदा!” लुआनचा आवाज चढला. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. “बरं बाबा, राहिलं,” म्हणून त्यांनी थर्मासचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. रुसले असतील, लुआनने मनात म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, रुसू देत. पाचव्या दिवशी मात्र त्याला राहवेना.

“ते मास्तर दिसले का?” त्याने रांगेत विचारलं.

“कुठले मास्तर? इथे तर सगळे मास्तरच!” आणि रांग हसली.

मग हा माणूसघाणा गल्लोगल्ली फिरला, अनोळखी दारं ठोठावली. उंच आहेत, बोट तुटलेलं आहे, असं सांगत सुटला. लोक मान हलवून दार लावायचे. बाकावर तो एकटा बसायचा. एकदा मागून “मास्तर!” अशी हाक आली आणि तो आशेने गर्रकन वळला. मागे फिरायला आलेलं जोडपं होतं. त्यांना तळ्यासमोर फोटो काढून हवा होता. काढून दिला बिचाऱ्याने.

महिन्याभराने झऱ्याजवळची तिळाच्या रोट्या विकणारी बाई गावाहून परतली.

“ते होय? अहो, पहाटे इकडे येताना वाटेत माझ्यासमोरच पडले की! अर्धांगवायूचा झटका. दक्षिणेकडच्या इस्पितळात नेलं. त्याच दुपारी मी गावाला गेले.”

“नाव काय त्यांचं?”

“मला काय माहीत? मीही मास्तरच म्हणायचे.”

लुआन धावतच इस्पितळात गेला. नर्सने विचारलं, “पेशंटचं नाव?”

“उंच आहेत. डाव्या हाताचं बोट...”

“आजोबा, नाव सांगा. नाव माहीत नाही? मग तुम्ही त्यांचे कोण?”

 लुआन तिच्या बाजूने सरळ आत घुसला आणि वॉर्डच्या दारातून ओरडला, “मास्तर!”

सहा खाटांवरच्या सहा म्हाताऱ्यांनी एकदम माना वळवल्या. प्रत्येकाला वाटलं, आपल्याकडे कुणीतरी आलं. त्यांत त्याचे मास्तर नव्हते. त्या सहा जणांच्या नजरा त्याला सोसवेनात.

नर्स रागाने मागे आली, पण त्याचा चेहरा बघून नरमली. “बोट तुटलेले ना? यिन चाओशियांग. सोमवारी त्यांची मुलगी त्यांना दालियानला तिच्या घरी घेऊन गेली. वाचा गेलीय त्यांची. कळतं सगळं, बोलता येत नाही. महिनाभर होते इथे, तिच्याशिवाय कुणी फिरकलं नाही.” मग तिनेच नंबर शोधून फोन लावून दिला.

“कोण बोलतंय?” मुलीने विचारलं.

“मी... झऱ्यावरचा.”

“अगबाई, तुम्ही! बाबा तुमचंच सांगायचे हो सारखं. दोन दिवस सकाळी मी झऱ्यावर येऊन उभी राहिले. पण विचारणार कुणाला? थांबा, त्यांच्या कानाला लावते.”

पलीकडे जड श्वास ऐकू यायला लागला.

“यिन चाओशियांग,” लुआन म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. “त्या रविवारी येतो म्हणायला हवं होतं मी. चुकलं माझं. मी लुआन. लुआन दशुन. नुसतं दशुन म्हणा.”

घशातून एक आवाज आला, अडखळला, परत आला. मास्तर जिवाच्या आकांताने काहीतरी म्हणायला बघत होते.

“दशुन,” लुआन पुन्हा म्हणाला, आणि फोन कानाशी गच्च धरून थांबला. बायको गेल्यापासून त्याला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. आता हाक मारू शकला असता असा एकच माणूस होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं.