डाव्या हाताचा मुंढा

माझा डावा हात वीस वर्षं डोक्याच्या वर गेला नाही. खांद्यात वात भरलाय, असं मी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आमचे हे रोज संध्याकाळी खोबरेल कोमट करून तो खांदा चोळायचे. आंघोळीच्या वेळी मात्र हात सरळ वर जायचा. त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं: गरम पाण्यानं मोकळा होतो. अशी हुशार बाई मी.

शहापूर-मुरबाड रस्त्याला आमची भाताची गिरणी आहे. लग्न होऊन सापगावहून आले ती चार दिवसांत गिरणीत उभी राहिले. पट्टा फिरायला लागला की पत्रे हलायचे. हे कानांत कापसाचे बोळे घालून काम करायचे, आणि मी भात घेऊन आलेल्या बायकांसमोर त्यांना चिडवायचे, "बघा गो, आमच्या नवरीचे कान किती नाजूक! बुगड्या आणू का रे तुला?" नवऱ्याला चारचौघांत अरे-तुरे करायची माझी हिंमत फक्त गिरणी चालू असतानाच व्हायची, कारण बोळ्यांमुळे त्यांना काही ऐकू जायचं नाही.

माझे कान उघडे आणि तोंड त्याहून उघडं. गिरणीच्या आवाजावरून पलीकडच्या बाईशी बोलायचं तर एकेक शब्द तोंड भरून, ओठ फाकवून काढावा लागतो. पुढं ती सवय अशी लागली की देवळात तीर्थ मागतानाही मी कोंड्याचं पोतं मागितल्यासारखी मागायचे.

आज ह्यांना पोत्यात उंदीर शिरला तरी ऐकू येतो. मला गिरणीच ऐकू येत नाही. पायाखालची फरशी थरथरली की समजायचं, सुरू झाली.

कान जायला लागले ते मी दोन वर्षं कबूल केलं नाही. मान हलवली की निभतं, हा माझा शोध. समोरच्याचं तोंड हललं की मी मान हलवायची, तोंड थांबलं की हसायचं. ही युक्ती मी एका घरी दहाव्यालाही वापरली. गेलेल्या म्हातारीची सून काहीतरी सांगून थांबली आणि मी मनमोकळी हसले. ह्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं.

मग शहापूरच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मशीन मिळालं. ते घातलं की कुकरची शिट्टी, ताटल्यांचा खणखणाट, नातवाच्या मोटरसायकलचा भोंगा, सगळे धावत आत यायचे. माणसाचं बोलणं तेवढं दारात चपला काढत उभं राहायचं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, "उरलेलंही हळूहळू कमी होईल. आत्तापासून खुणांची भाषा शिका. घरातल्यांनीही शिका."

खरं सांगते, मरणाला मी इतकी भ्यायले नव्हते. लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतील आणि मला कळणार नाही, ह्या विचारानं माझी जेवणावरची वासना उडाली. गप्पांवर जगलेली बाई मी. भाकरी नसली तरी चाललं असतं.

खुणांची भाषा येणारं माणूस आमच्या टापूत कोण? ह्यांनी गिरणीतल्या पाटीवर खडूनं लिहिलं, "मुरबाडची टेलर बाई."

मला वाटलं, वा! म्हणजे घरचंच काम झालं की. बाजारातल्या त्या छोट्या दुकानात ती बाई जन्मापासून बहिरी, लहानपणी वसतिगृहाच्या शाळेत राहून शिकलेली. माझे ब्लाउज वीस वर्षं तिच्याकडे. तिचा गळा असा बसायचा की लग्नात बायका मला मागून हात लावून विचारायच्या, कुणी शिवला गो? मी तिच्याशी वागायचेही फार गोड. दुकानात शिरल्यापासून निघेपर्यंत तिच्याकडे बघून हसत असायचे. "गळा खोल नको!" हे तिला कळावं म्हणून इतक्या मोठ्यानं सांगायचे की माझ्या गळ्याची खोली मुरबाडच्या निम्म्या बाजाराला पाठ होती.

आणि तसंच हसत, तिच्याकडेच बघत, सोबतच्या बायकांना म्हणायचे, "मुकीच्या नवऱ्याचं नशीब बघ गो! भांडण नाय, कटकट नाय. आमच्या ह्यांना अशीच मिळायला पायजे होती." बायका खिदळायच्या. विनोद एकच, पण प्रत्येक खेपेला नव्यानं. हिला काय कळतंय, असं मी बायकांना समजावूनही सांगायचे.

तर अशी मी, नव्या झिनी जातीचे दोन पायली तांदूळ आणि नवरा बरोबर घेऊन, उपकार करायला निघाल्यासारखी मुरबाडला गेले. कानाकडे बोट दाखवलं, हात नाही म्हणून हलवला, मग तिच्या हातांकडे बोट दाखवून माझ्या छातीवर ठेवलं. मला शिकव.

तिनं हातातली कात्री खाली ठेवली. मग तिनं मापाची वही काढली, माझं पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

छाती, कंबर, खांदा, आणि बाही बसते ते दोन घेर: उजवा मुंढा, डावा मुंढा. डाव्या मुंढ्यापुढे प्रत्येक वेळी अर्धा इंच कमी. आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीनं काढलेलं एक छोटं, आ वासलेलं तोंड. काही ओळींत दोन तोंडं, तिथं मुंढा पाऊण इंच कमी. त्या खेपेला माझ्याबरोबर बायका जास्त होत्या. एकाच ओळीत तोंड नव्हतं आणि माप बरोबर होतं. ती खेप मला आठवली. अंगात ताप होता, एकटी गेले होते, न बोलता कापड ठेवून आले होते. त्या ब्लाउजात माझा हात वर जायचा. तापानं वात उतरला, असं मी तेव्हा गावाला सांगितलं होतं.

मी वर बघितलं. तिनं वहीच्या कडेला लिहिलं, "तुमचे ओठ फार मोठे हलतात. शब्द न् शब्द दिसतो. ओरडता तेव्हा तर अजून सोपं जातं."

खाली तिनं माझंच वाक्य लिहिलं. मुकीच्या नवऱ्याचं नशीब बघ गो. भांडण नाय, कटकट नाय. 'नाय' सुद्धा माझंच, जसंच्या तसं.

हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी वही बघितली, मग माझा खांदा बघितला, मग पुन्हा वही. तोंड मोठं करून ते एकच शब्द बोलले, आणि तो मलासुद्धा दिसला. "तेल?"

वीस वर्षांचं तेल. 

मला माफी मागायची होती, पण तोंडानं मागायची लाज वाटली. ह्या तोंडाचं तिनं पुष्कळ बघितलं होतं. बरं, तिनं हाकलून दिलं तर मी जाणार कुठे? ह्या सबंध बाजारात माझ्याशी बोलू शकेल अशी तीच एक उरली होती, आणि तिच्याशी बोलायला लागणारी भाषाही तिच्याच हातात. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, "चुकले, हे हातानं कसं म्हणायचं?"

तिनं हात वर नेले आणि दोन्ही कानांच्या पाळ्या धरून दाखवल्या.

एवढंच? हे तर आम्हाला लहानपणी येत होतं. मी उजवा हात नेला, उजवा कान धरला. डावा हात नेला. तो हनुवटीपाशी अडकला. जोर लावला. काखेतली शिवण ताणली, हात जागचा हलेना. मी मान वाकडी करून कानच हाताकडे न्यायला लागले, घागरीत तोंड घालणाऱ्या मांजरीसारखी.

ती हसली. मोठ्यानं हसली म्हणे, दुकानाबाहेरची माणसं वळून बघायला लागली, असं हे नंतर म्हणाले. आम्हा दोघींपैकी कुणालाच ते ऐकू आलं नाही.

मग तिनं ब्लेड उचललं, मला स्टुलावर बसवलं आणि अंगातल्या ब्लाउजची काखेतली शिवण टाका टाका उसवली. आत दुमडलेल्या कापडाची माया भरपूर सोडलेली होती, म्हणजे कधी ना कधी सैल करायचा विचार तिच्या मनात असावा. हात सुटला. मी दोन्ही कान धरले आणि तिच्याकडे बघून नेहमीसारखी हसले.

तिनं मान हलवली. नाही. वहीत लिहिलं, "हसू काढा. चेहरा पण बोलतो."

मी हसू काढलं. वीस वर्षं तिच्यासमोर मी एवढं एकच घालून गेले होते. ते काढल्यावर खाली काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. कान धरलेलेच होते, त्यामुळे डोळे पुसायला हात नव्हते. तिनं थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग माझे हात खाली केले आणि लिहिलं, "सोमवारी या. दोघंही."

आता दर सोमवारी आम्ही एसटीनं मुरबाडला जातो. हे माझ्यापेक्षा लवकर शिकतात. आयुष्यभर गप्प बसल्यामुळे त्यांच्याकडे पुष्कळ बोलायचं साचलेलं आहे, आणि ते सगळं माझ्याबद्दल आहे. माझे हात मात्र मोठे पडतात. परवा समोरच्या बाकावरच्या माणसाची टोपी उडाली. टेलर बाई सारखी खूण करते: लहान, लहान. माझे हातसुद्धा ओरडतात, असं तिचं म्हणणं.

पेटीतले जुने ब्लाउजही मी घेऊन जाते. सगळे एकदम उसवून दे म्हटलं तर तिनं नकार दिला. एका सोमवारी एक. धडा नीट झाला की ती ब्लेड हातात घेते, आणि मी स्टुलावर बसून बघत राहते.

चार उरले आहेत. खरं तर तीनच उरायला हवे होते. पण मागच्या सोमवारी मी शेजारणीच्या नव्या सुनेबद्दल हातानं जरा जास्तच सांगितलं, चालून दाखवलं, नाक उडवून दाखवलं. टेलर बाईनं शेवटपर्यंत नीट बघून घेतलं आणि त्या दिवशीचा ब्लाउज न उसवता, घडी घालून मला परत दिला.

आत्ता अंगात तोच आहे. संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे खांदा केला, तर त्यांनी तेलाच्या बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी शांतपणे दोन्ही हात वर नेले आणि आपले कान धरून मला दाखवले.