देवयानीसाठी नेलेला पाट

"आत्या, आबा गेले..." धुळ्याहून भाचेसुनेचा, सुरेखाचा फोन आला, तेव्हा मी ओट्यावर बसून एका बोल्टला शिलाई मशीनचं तेल लावत होते. आबा म्हणजे शालिक, माझा धाकटा भाऊ. त्यानंच आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं, "अक्का, बोल्टला तेल देऊन ठेव. दिवाळी झाली का येतो."

शालिक बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बॉनेटवर नुसता हात ठेवून इंजिनाचं दुखणं सांगायचा. निवृत्त झाला आणि आकाशाचं वेड लागलं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाचा तरी जुना कॅमेरा घेतला, आणि म्हणे देवयानी दीर्घिकेचे, ताऱ्यांच्या त्या लांबच्या भोवऱ्याचे, वेढे फोटोत धरायचे! धुळ्यात दिव्यांचा उजेड फार, म्हणून हिवाळ्यात पिंपळनेरकडच्या आमच्या मळ्यात यायचा. पहिल्यांदा आला तो माझा जेवायचा पाटच उचलला. त्याला भोक पाडलं, बिजागऱ्यांनी वर दुसरी फळी जोडली, फळीवर कॅमेरा, भोकातून बोल्ट. "पृथ्वी फिरते ना अक्का, म्हणून तारे सरकतात. बोल्ट हळूहळू फिरवला की फळी उचलते, कॅमेरा ताऱ्यांच्या मागं मागं जातो."

"आणि जेवायला मी काय पृथ्वीवर बसू?" मी म्हटलं.

पण त्याच वर्षी त्याला कंपवातानं धरलं. चहा सांडतो म्हणून लोकांत जाणं सोडलं त्यानं. बोल्टला हात लागला की फोटोतले सगळे तारे नाचलेले. एका संध्याकाळी तो पाटाशी तसाच बसून राहिला. "मना हात गयात, अक्का." हात गेले म्हणे! मी त्याला बाजूला सारलं. "माझे आहेत ना! सांग, किती फिरवायचं?"

मिनिटाला एक फेरा. मी मनात साठ मोजायची. पहिल्या दिवशी तासभर फिरवलं, आणि फोटोत बघतो तर ताऱ्यांच्या ह्या लांब रेघा. माझ्या हाताला जात्याची सवय, मी त्याच दिशेनं फिरवत बसलेली! "अक्का, तू ते पृथ्वीच उलटी फिराई टाकी!" किती महिन्यांनी हसला असेल तो... हसताना चहा सांडला, तो पुसलासुद्धा नाही.

मग जमलं. सुरेखानं दीडशे फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक बसवले, आणि पुसट धुक्यातून तिरपी धरलेली थाळी वर आली, तिच्या कडेनं काळसर वेढे. त्यानंतर शालिक पुन्हा लोकांत बसू लागला. कप दोन्ही हातांत धरून आल्यागेल्याला फोटो दाखवायचा, "आमच्या अक्कानं काढला."

"मी नुसता बोल्ट फिरवला रे."

"मग राहिलं काय?"

परवाच्या अमावास्येला सुरेखा कॅमेरा घेऊन मळ्यात आली. मी पाट मांडला, बोल्ट धरला, आणि हात पुन्हा उलटाच फिरला. मुद्दाम नाही हो... जरा थांबले, कुणी हसतंय का म्हणून. मग सुलटा फिरवला, आणि साठ मोजायला लागले.