रुईच्या पानांखालची अंडी

लेक बाळंतपणाला रेवदंड्याला माझ्याकडे आली, तेव्हा मी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे कोवळीच, आणि अक्कल त्याहून कोवळी. आदल्या वर्षी तिचं एक बाळ राहिलं नव्हतं. म्हणून बाळ सुखरूप होईपर्यंत दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालीन, असं मी बोलले होते.

नववा महिना लागला. शुक्रवारी किनाऱ्यावरून पानं खुडून आणली. धुवायला उलटली, तर बहुतेक पानांखाली खसखशीएवढं एकेक पांढरं अंडं. फुलपाखराचं. दुसऱ्या आईची पोरं खुडून मी माझ्या पोरीसाठी माळ ओवणार होते!

माळेला दुसरी पानं आणली. ही पहिली मात्र मिठाईच्या डब्यात एकमेकांना चिकटवून निजवली. आईने टाकली तरी भावंडं जवळ असावीत, हा माझा थोर विचार.

सोमवारी सकाळी झाकण काढलं. एक अळी बाहेर आली होती आणि शेजारचं अंडं कुरतडत होती.

"अगं, ही भावालाच खातेय!"

लेक भिंत धरत आली, वाकून बघितलं. "आई, त्यांच्या आईने प्रत्येकाला वेगळं पान दिलं होतं. एका खोलीत तू कोंडलंस."

"आणि ह्याचं तुझ्या बाळाला काही..."

"माझ्या पोटात एकच आहे. ते कुणाला खाणार?"

ती हसली. मला कसलं हसू येतंय! डबा उचलून किनाऱ्यावर धावले आणि एका झाडाला एक, अशी पानं सेफ्टीपिनेने टोचत सुटले. मासळी वाळत घालणारी एक बाई झाडांकडे बघून ओरडली, "काकी, झारांना लुगरी नेसवतेस काय गो?"

तेवढ्यात फोन वाजला. "आई, पाणी गेलं. लवकर ये."

रिक्षात मी तिला अशी आवळून बसले की अर्ध्या वाटेत तीच म्हणाली, "सरक जरा. कळ यायला तरी जागा दे." सरकले. अलिबागेपर्यंत माझं निम्मं अंग रिक्षाबाहेर होतं.

दवाखान्याच्या दाराला कान लावला म्हणून नर्सने मला दोनदा हाकललं. आतून लेकीचा आवाज यायचा, मग यायचा नाही. न येणं जास्त वाईट होतं.

दार उघडलं तेव्हा नर्सच्या हातात नात होती, लालबुंद, रडणारी. मी झेप घेतली.

"आजी, थांबा. हात कसले चिकट झालेत ते? आधी धुऊन या."

रुईचा चीक काही केल्या निघेना. तोवर माझ्या नातीला तिच्या आईने एकटीनेच घेतलं.