टंचाईशेठची मराठी

समस्त भिवंडीकरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, या देशात मजुरांचा जो तुटवडा पडला आहे त्याची पहिली घोषणा सरकारने नव्हे, आमच्या आळीतल्या एका ओट्यावरून, लुंगीवर, दात कोरत करण्यात आली. घोषणा करणाऱ्याला आम्ही टंचाईशेठ म्हणायचो. तोंडावर. तो मला म्हणायचा ते इथे छापता येणार नाही.

शेठ इथलाच आगरी. बापाच्या शेतावर त्याने लूमची शेड उभी केली होती. कुठेही गेला तरी टंचाई मोजायचा. पंगतीत भात उशिरा आला की वाढप्यांची, मयताला गेला की खांदेकऱ्यांची. "देशाला मानसांचा दुष्काल परलाय," असं म्हणून माझ्याकडे पाहायचा आणि पुस्ती जोडायचा, "मास्तर मातर पोत्यानं मिलतात." मी नववीला मराठी शिकवतो. त्याचे कारागीर का टिकत नाहीत, ते मी त्याला भर नाक्यावर सांगितलं होतं: बारा तासांची शिफ्ट, आणि सुट्टी मागितली की आईवरून शिवी. तेव्हापासून आम्ही ते वैर लेकरासारखं वाढवलं. गेल्या वर्षी शेठ गेला. आता आळीत भांडायच्या लायकीचा माणूस मिळत नाही.

तर शेठ असतानाची गोष्ट. शेवटी शेडमध्ये एकच धड कारागीर उरला, करीम. त्याची पोरगी नाझिया माझ्या वर्गात होती आणि सहामाहीला मराठीत नापास झाली होती. करीमने शेठला सांगून टाकलं की पोरगी वार्षिकला पुन्हा नापास झाली तर बिऱ्हाड उचलून गावी जाणार. ती शिकत नसेल तर इथे मरायचं कशाला?

शेठची झोप उडाली. माझ्या दारात येणं त्याला मरणाहून जड, म्हणून त्याने शिकवणी स्वतःच सुरू केली. रोज दुपारी, आपल्या ओट्यावर, समोरच्या घरात मला ऐकू जाईल अशा आवाजात. "मास्तरची मराठी पुस्तकान सुकलेली. ही बघ, जित्ती हाय." मग तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायचा आणि चूक झाली की पोरीऐवजी मला शिव्या द्यायचा.

वार्षिकची तोंडी परीक्षा माझ्याकडेच होती. खोटं कशाला बोलू, शेठची जिरवायची संधी मला गोड दिसत होती. वर्गाच्या खिडकीबाहेर त्याचं टक्कल चमकत होतं. मी विचारलं, 'मराठी बाणा' म्हणजे काय? मला स्वाभिमान, करारीपणा, असलं काहीतरी हवं होतं.

नाझिया लगेच म्हणाली, "सर, ताणा उभा धागा, बाणा आडवा. बाणा तुटला की लूम बंद पडते, मग शेठ ओरडतो. मराठी बाणा म्हणजे शेठचा."

खिडकीतून आवाज आला, "बरोबर हाय!"

शून्य द्यायला पेन टेकवलं, पण आडवा धागा हाही बाण्याचा खराच अर्थ. मी पैकीच्या पैकी दिले आणि त्याबद्दल स्वतःला आठवडाभर माफ केलं नाही. पोरगी पास झाली. शेठने अख्ख्या आळीला पेढे वाटले. मला रिकामा खोका पाठवला.

आठ दिवसांनी करीम पोरीला घेऊन ओट्यापाशी हात जोडून उभा राहिला. आदल्या दिवशी बापलेक बसने पडघ्याला चालले होते. एका गोदामाच्या फाटकावर मराठीत लिहिलेलं नाझियाने बापाला मोठ्याने वाचून दाखवलं: 'कामगार पाहिजेत. आठ तास ड्युटी, रविवारी सुट्टी.' करीम पुढच्याच थांब्यावर उतरला. सोमवारपासून त्या गोदामात कामावर हजर व्हायचं होतं. पोरगी शाळा इथेच पुरी करणार होती.

मी चहाचा कप घेऊन मुद्दाम गॅलरीत आलो. शेठने करीमकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मराठीत बोलला नाही म्हणून दुकानदाराच्या अंगावर धावून जाणारा हा माणूस सगळ्या आळीसमोर ओरडला, "मेल्यांना ती पाटी इंग्रजीन लिवाला काय झालता?"