धायरीतली शांतता

"हा पक्षाघात," वैद्यबुवा म्हणाले आणि यांचा उजवा हात उचलून त्यांनी सोडून दिला. हात धपकन मांडीवर पडला. पक्षाघात म्हणजे शरीराची एक बाजू आपल्या हुकमाबाहेर जाणं. सकाळीच काम करताना यांच्या हातून हातोडा सुटला होता. मला वाटलं, घामाने निसटला. मी हसलेसुद्धा.

आम्ही कसब्यातले तांबट. हे आणि माझे धाकटे दीर एकाच भांड्यावर आळीपाळीने ठोकायचे. एकाचा हातोडा वर गेला की दुसऱ्याचा खाली. दसऱ्याला श्रीमंत पेशव्यांची फौज मोहिमेवर निघायची होती, म्हणून नगाऱ्यांची घाई चालली होती. त्या घाईतच हे झालं.

वैद्यबुवांनी मला समोर बसवून समजावलं. "हात मेलेला नाही, बाई. मांस जागच्या जागी आहे. हुकूम मस्तकातून सुटतो, वायू तो जासुदासारखा घेऊन जातो, मग मांस आखडतं आणि हात उचलला जातो. यांचा हुकूम सुटतोय, पण वाट मोडली आहे. तेल चोळा आणि हाताला त्याचं रोजचं काम दाखवत राहा. वाट वाहती ठेवली तरच मोकळी होईल."

तेल मी मन लावून चोळलं. दुसरं मात्र मला जमेना. भाऊजी ठोकायला बसले की हे शेजारी जाऊन बसायचे. उजव्या हातात हातोडा ठेवला की तो गळून पडायचा. हे तो डाव्याने उचलून पुन्हा उजव्यात ठेवायचे. सकाळभर तेच. डोळे भरून यायचे, पण उठायचे नाहीत. जीभही जड झाली होती, त्यामुळे बोलणं जवळजवळ बंदच. माझ्याने ते बघवेना. माझी झोप उडाली, अन्न जाईना.

मग मीच ठरवलं की यांना विश्रांती हवी. गाडी जुंपायला लावली आणि यांना माझ्या माहेरी, धायरीला घेऊन गेले.

"लई बेस केलंस," आई म्हणाली. "हितं कानाला तरास न्हाय. जावईबापूंना काडीसुदीक उचलू द्यायची न्हाय बघ."

आम्ही खरंच उचलू दिली नाही. उजवा हात तोंडापर्यंत जात नव्हता आणि डाव्याने जेवायचं कसं, म्हणून मीच भरवायचे. हे मुकाट्याने जेवायचे. ठोक्यांचा आवाज नाही, गळणारा हातोडा नाही. मला गाढ झोप लागू लागली. यांचं रडणं थांबलं, ते पाहून मी समजले की गुण येतोय.

होळी झाल्यावर परतलो. वैद्यबुवांनी यांचा दंड चाचपला. तो वाळून निम्मा झाला होता, बोटं तळव्यात आखडली होती.

"काय काम दाखवलंत याला?"

मी विश्रांतीचं सांगितलं.

"वा! इतकी विश्रांती दिलीत की हाताने संन्यासच घेतला." मग माझा चेहरा पाहून ते जरा मऊ झाले. "न वापरलेलं मांस वाळतं, बाई. सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, ते गेले. आता उरलंय तेवढं मिळवू."

घरी आले ती चुलीपुढे नुसती बसून राहिले. मला कुणी बोल लावला नाही. सासूबाईंनी तर माझीच समजूत घातली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. विश्रांती यांना नकोच होती. ती मला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून यांना पुन्हा भाऊजींशेजारी बसवलं. हातोड्याचा दांडा तळव्यात ठेवून मी वर फडकं बांधायचे. कितीतरी दिवस काही नाही. मग एका सकाळी भाऊजींचा हातोडा वर गेला आणि यांचा अंगठा दांड्यावर दाबला गेला. पुन्हा वर, पुन्हा अंगठा. जिथे यांची पाळी असायची, नेमका तिथेच. भाऊजी ठोकत राहिले आणि रडत राहिले.

आता हे लाकडी मोगरी धरतात, फुलपात्रांना आकार देतात. नगारा या हातून पुन्हा होणार नाही. तुमच्या घरी असं दुखणं आलं तर हातातलं पडू द्या, घास सांडू द्या. तुम्हाला बघवत नसेल तर तुम्ही उठून बाहेर जा, पण आजाऱ्याला त्याच्या कामापासून उठवू नका. वैद्यबुवांचे उपकार आहेतच, त्या अंगठ्याचेही आहेत.

परवा धीर करून यांना म्हटलं, "तुम्हाला धायरीला नेलं, चुकलं माझं."

"ठाऊक होतं मला," हे एकेक शब्द ओढत म्हणाले. "तिथे हात... बरा होणार नाही."

"मग अहो, आलात कशाला?"

"तू झोपत नव्हतीस."

एवढं बोलून हे पुन्हा कामाला लागले. दोन ठोके नीट बसले, तिसऱ्याला मोगरी निसटून माझ्या पायाशी आली. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.