आकारामच्या मोटारीतली पेटी

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली मोटार नाथाजीनं केळघरचा घाट चढवून दाखवली होती. खोकत, राख गिळत, पण चढवली. तेव्हापासून साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीला लोक नाथाजीची गाडी म्हणत. मालक होते लालासाहेब, पण त्यांचं नाव कुणी घेत नसे. मेढ्यात गाडी थांबली की हॉटेलवाला न सांगता चहा पुढं करी. नाथाजीला एवढं पुरे होतं.

लढाई संपली. लालासाहेबांनी दुसरी गाडी घेतली आणि तिच्यावर आकारामला बसवलं. आकाराम पलटणीतून सुटून आलेला, ब्रह्मदेशच्या चिखलात लष्करी मोटारी हाकलेला. पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या सीटखाली एक हिरवी लाकडी पेटी सरकवली. स्टँडवरची माणसं बघायला गोळा झाली. आत दोरखंड, पंक्चरचं सामान, पंख्याचा जादा पट्टा, फावडं, चाकाखाली घालायला गोणपाट, विजेरी, आयोडिनची बाटली, पट्ट्या, घोंगडं, लिंबं, गूळ-फुटाणे. पेटीशेजारी पाण्याचा डबा.

"गाडी हाय का वाण्याचं दुकान रं?" नाथाजी म्हणाला. तो स्वतः एक पाना आणि तारेचं भेंडोळं एवढ्यावर गाडी हाकत आला होता.

"दादा, मोडायचं आसलं की गाडी गाव बघून मोडत न्हाई," आकाराम हसत म्हणाला.

लोक हसले ते आकारामबरोबर. नाथाजीनं ते मनात ठेवलं.

मग रोज काहीतरी कानावर येऊ लागलं. घाटात कुणाला मळमळलं, आकारामनं लिंबू दिलं. एका गवंड्याचं बोट दारात चेंगरलं, आकारामनं पट्टी बांधली. पुढंपुढं नाथाजीची गाडी भरायला उभी असताना बायाबापड्या सावलीला बसून राहत. "तुमी व्हा म्होरं. आमी आकारामच्या गाडीनं येतो." नाथाजी हॉर्न दाबून धरी आणि रिकाम्या बाकांची गाडी घेऊन निघे.

घरात तरी हे नाव नको होतं. पण एक दिवस जेवायला वाढताना राहीबाई, त्याची बायको, म्हणाली, "आईला डोळ्यासाठी मिरजंला न्यायचंय. बाजार झाला की केळघरास्नं घिऊन येती. आकारामभावजींच्या गाडीनं."

"आन् माझी गाडी काय मोडलीया?"

"आवं, तिला उलट्या हुत्यात. त्यांच्यापाशी समदं आसतंय."

नाथाजी ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं सुताराकडून आकारामच्यापेक्षा मोठी पेटी करून घेतली, लाल रंगाची. साताऱ्याच्या पेठा पालथ्या घालून ती भरली. पाण्याचे डबे दोन घेतले. स्टँडवर तो झाकण मुद्दाम उघडं ठेवी. कुणी विचारलं नाही. एक म्हातारी मात्र पाय ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुरली.

मग ती दुपार आली. उन्हाळा रणरणत होता. मेढा ओलांडून नाथाजी केळघरकडं निघाला होता. समोर माळावर आकारामची गाडी उभी दिसली. पुढचं झाकण वर, खाली ओल. आकाराम रस्त्यात येऊन हात वर करून उभा होता. पाण्याची नळी फुटली, हे नाथाजीला लांबूनच कळलं. नळी आकारामनं रबर गुंडाळून बांधली असणार. आता हवं होतं ते पाणी, आणि एका डब्यानं भागणार नव्हतं.

"आवं, थांबा की!" मागून एक उतारू म्हणाला.

"त्याच्यापाशी समदं हाय," नाथाजी म्हणाला. "पेटी हाय न्हवं!"

त्यानं आकारामच्या अंगावर धुरळा उडवत गाडी काढली. घाट चढेपर्यंत तो गुणगुणत होता. कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो साताऱ्याला घरी आला, तर बाजेवर सासू मनुबाई निपचित पडलेली. राहीबाई चुलीपाशी होती. माहेरी केळघरला गेलेली ती बाजाराची वाट न बघता आजच आईला घेऊन आली होती.

"गाडी बंद पडली. मानसांनी लांब ओढ्यातनं घागरींनी पानी आनलं," ती म्हणाली. "मिरजंची आगगाडी चुकली. आईला भवळ आली. प्यायचं पानी भावजींनी इंजनात वतलं न्हवतं, ते तिच्या तोंडाला लावलं." मग चुलीकडं बघतच म्हणाली, "मी खिडकीशी बसले हुते."

नाथाजी बाजेपाशी बसून मनुबाईला वारा घालू लागला.

सकाळी स्टँडवर आकाराम गाडी पुसत होता. नाथाजीला बघून तोच आधी बोलला. "काल तुमास्नी दिसलो न्हाई वाटतं, दादा. वळन वंगाळ हाय तितं."

तिथं वळण नव्हतं. माळावरचा तो रस्ता सुतासारखा सरळ होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"दिसला हुतास," नाथाजी म्हणाला.

आकारामनं फडका पिळला, बाकावर वाळत टाकला. "बरं," म्हणाला, आणि चाकाकडं वळला.

नाथाजीनं रजा काढून मनुबाईला स्वतः मिरजेला नेलं. डोळा बरा झाला. वर्षभरात आकारामला फलटणला साखर कारखान्यात नोकरी लागली आणि तो गेला. पुढं वाटेत कुणाचीही गाडी अडलेली दिसली, बैलगाडीचा आस का मोडलेला असेना, नाथाजी थांबे. लोक त्याचं नाव घेऊ लागले. पण कौतुक करताना कुणी हमखास म्हणे, "अगदी आकारामवानी बगा." ते ऐकलं की नाथाजी चहा अर्धा टाकून उठे.

"आजून?" राहीबाईनं एकदा विचारलं.

"आजून," तो म्हणाला, आणि गाडी काढायला गेला.