कीबोर्डवर ठेवलेला नैवेद्य

शेजारच्या गाळ्यातले काका नसते तर मी आज इथे नसते, हे आधी सांगून टाकते. मागाहून सांगू म्हटलं की राहून जातं. काका शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. त्याच्याआधी पुष्कळ वर्षं टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटरचे दिवस संपले तसे शिलाईकडे वळले. कॉम्प्युटर त्यांना येत नव्हता, मोबाइलसुद्धा बटणांचाच होता. तरी आमचा कॉम्प्युटर चालू केला तो त्यांनीच. आणि तो कशाने अडला होता हे कळूनही त्यांनी तोंडातून काढलं नाही.

मी नववीत शाळा सोडली. हिंगोलीकडचं आमचं गाव. तिथून मावशीने मला बेलवलीला आणलं. मावशीची एकच खोली, त्यात पाच माणसं. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हाताला काम आहे तोवर राहा. काम सुटलं तर मला काही जमायचं नाही गं बाई." तिने वाईट मनाने म्हटलं नव्हतं. मला ते पाठ झालं होतं. कामावर निघताना पायात चप्पल घालताना रोज आठवायचं.

काम होतं उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या गाळ्यात. लोकलने विठ्ठलवाडीला उतरून चालत जायचं. सिंधी शेठचा गाळा, वर पत्रा. बारा डोक्यांची एक मोठी मशीन, म्हणजे एकाच वेळी बारा सुया एकच फूल काढणार. ते फूल असतं कॉम्प्युटरात. कॉम्प्युटरातून पेनड्राइव्हवर घ्यायचं, पेनड्राइव्ह मशिनीला लावायचा, धागे ओवायचे, चालू. हे मी बघून बघून शिकले. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुठल्या चित्रावर दोनदा दाबायचं ते येत होतं. शेठने गाळ्याची चावी माझ्याकडे दिली होती. एवढा विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता, म्हणून त्या चावीची मला भीतीच जास्त वाटायची.

दसऱ्याला शेठ म्हणाले, "पूजा तू ही कर ले. मेरे घर में मेहमान हैं."

मी मनापासून केली. मशीन पुसली, बाराही डोक्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आपट्याचं पान ठेवलं. मग कॉम्प्युटरची पूजा. आमच्याकडे नैवेद्य हत्याराच्या बाजूला ठेवत नाहीत, हत्यारावरच ठेवतात. विळ्यावर, कुऱ्हाडीवर, औतावर. बाजूला ठेवला तर हत्यार उपाशी राहतं असं आई म्हणते. कॉम्प्युटरचं हत्यार कुठलं याचा मी थोडा विचार केला. हात लागतो तो कीबोर्डला. तिथे उजव्या अंगाला मी गूळ-खोबऱ्याचा खडा ठेवला, हात जोडले, कुलूप लावलं आणि मावशीकडे गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दोन दिवस गाळा बंद. ऑक्टोबरचं ऊन आणि पत्रा.

सोमवारी उघडलं तर कीबोर्डवर मुंग्यांची रांग. गूळ बसका झाला होता. मी खडा उचलून टाकला, मुंग्या झटकल्या, ओल्या फडक्याने वरवर पुसलं. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मग बटण दाबलं.

पंखा फिरला. पडद्यावर कंपनीचं नाव आलं. एवढं रोजच्यासारखं. मग टुक-टुक-टुक असा आवाज सुरू झाला आणि एक निळं पान आलं, सगळं इंग्रजी. त्याच्यापुढे काही नाही. मी बंद केला, चालू केला. नाव, टुक-टुक-टुक, निळं पान. मागच्या सगळ्या वायरी काढून परत घातल्या. सगळ्या एकदम काढल्या आणि सगळ्या परत घातल्या, एकेक काढून बघितली नाही, म्हणून दोष कुठे आहे ते कळलं नाही. हे मला नंतर समजलं. परत निळं पान.

धागे कापायला अंबरनाथच्या एक वहिनी यायच्या. त्या मागून म्हणाल्या, "काय गं, पुढे जाईना का? शेठसारखाच आहे, उठतो पण बिछाना सोडत नाही."

मी हसले नाही. रडलेही नाही. मला काहीच होत नव्हतं. मी नुसती बटण दाबत होते, निळं पान आलं की बंद करत होते. दहा वेळा केलं असेल, वीस वेळा असेल. वहिनींनी शेवटी माझा हात धरला. म्हणाल्या, "पुरे कर, जळेल ते."

शेठ आले, त्यांनी बघितलं, बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो आला, उभ्या उभ्या आवाज ऐकला, एकदा बंद-चालू केला. खुर्चीवर बसलाही नाही.

"हार्डडिस्क गेली वाटतं. फॉरमॅट मारावा लागेल."

"और डिझाइन?" शेठ म्हणाले.

"डाटा तो जाएगा, साईं. कॉपी रखा है ना कहीं?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. कॉपी नव्हती. ठेव म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझं मला सुचलं नव्हतं. शेठची सगळ्या वर्षांची डिझाइनं त्या एका डब्यात होती, लग्नसराईच्या ऑर्डरचंही त्यातच. कॉम्प्युटरवाला म्हणाला, दुपारी गाडी घेऊन येतो आणि डबा दुकानात नेतो.

तो गेल्यावर शेठ स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच बोलले, "डिझाइन गया तो मशीन चला के क्या करूँ? बेच दूँगा. तू भी गाँव हो आ थोड़े दिन."

थोडे दिवस म्हणजे किती ते मला माहीत होतं. शेठ बाहेर फोन करत उभे राहिले. मी मशिनीच्या बारा डोक्यांवरचं हळद-कुंकू बघत बसले. एका डोक्यावर कुंकू जास्त झालं होतं. ते सारखं करावं असं वाटत राहिलं, पण उठले नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवलीस का?"

"हो."

"दसऱ्याला पूजा केलीस का गं मशिनीची?"

"केली."

"नैवेद्य दाखवलास?"

"दाखवला."

"मग काही काळजी नाही," आई म्हणाली आणि शेळीचं काहीतरी सांगायला लागली. मी हो हो म्हणत राहिले. शेळीचं काय झालं ते मला अजून माहीत नाही.

अकराच्या सुमाराला काका तेलाची बुधली घेऊन आले. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ते मशिनीला तेल घालून जायचे. आत आले, आमची तोंडं बघितली.

"कोण गेलं?"

वहिनी म्हणाल्या, "कॉम्प्युटर."

"कुठे गेला? इथेच तर दिसतोय," असं म्हणून ते तेलाच्या कामाला लागणार होते. मी परत एकदा बटण दाबलं. का दाबलं माहीत नाही, सवयीने. टुक-टुक-टुक झालं. काका थांबले. पडद्याकडे बघितलंच नाही त्यांनी, मान वाकडी करून नुसतं ऐकलं.

"परत कर."

मी परत केलं.

"हा आतून बिघडल्याचा आवाज नाही, पोरी. हा कंटाळल्याचा आवाज आहे. कुणीतरी त्याचं बोट धरून ठेवलंय."

कॉम्प्युटरवाला हार्डडिस्क म्हणाला ते मी सांगितलं. काका म्हणाले, "असेल बाबा. मला त्यातलं कळत नाही. मला चाव्या कळतात." कीबोर्डच्या बटणांना ते चाव्या म्हणायचे. त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर ढकलला, आणि अंगठ्याचं नख एका ओळीवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं. कर्र कर्र कर्र आवाज झाला. दुसरी ओळ, तिसरी ओळ. सगळी बटणं खाली जाऊन वर येत होती. उजव्या अंगाला एक बटण खाली होतं ते खालीच होतं. नख त्याच्यावरून नुसतं घसरलं.

"ही बघ. ही वर येत नाहीये. ह्याला वाटतंय तू सकाळपासून हिच्यावर बोट ठेवून बसलीस. मग तो पुढे कसा जाईल? तो म्हणतोय आधी बोट काढ."

ते डिलीटचं बटण होतं. चालू होताना ते दाबलेलं असलं की आमचा कॉम्प्युटर सेटिंगच्या निळ्या पानावर जाऊन थांबतो, हे मला पुढे कळलं.

"ह्याची वायर कुठली?" त्यांनी विचारलं. मी दाखवली. "उपटून टाक. बाकी कशाला हात लावू नको. आता चालू कर."

मी केलं. कंपनीचं नाव आलं. आवाज आला नाही. निळं पान आलं नाही. गोल गोल ठिपके फिरले आणि रोजचं डोंगराचं चित्र आलं, त्याच्यावर डिझाइनांच्या पिवळ्या फाइली, एकूण एक.

वहिनी टाळ्या वाजवायला लागल्या. मला आनंद झाला का? झाला असेल. मला आठवतं ते एवढंच की मी त्या फाइली मोजायला लागले आणि आकडा सारखा चुकत होता.

काकांनी माझ्या केसातली पिन मागितली. त्या पिनेने त्यांनी बटणाचं टोपण अलगद उचकटलं. खाली तपकिरी चिकट थर, त्यात दोन मुंग्या अडकून मेलेल्या. काकांनी बोट लावलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघितलं. मग मशिनीवरच्या माळेकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"आमच्यात हत्याराची पूजा नसते," ते हळू आवाजात म्हणाले. "पण एक सांगतो, ह्याला तेलसुद्धा चालत नाही. मग गूळ कुठून चालणार?"

कोमट पाण्याचा बोळा घेऊन त्यांनी थर काढला, कोरड्या फडक्याने पुसलं, टोपण बसवलं. दोन-चार वेळा दाबून बघितलं. वर येत होतं. एवढ्यात शेठ आत आले. पडदा बघून जागेवरच थांबले.

"अरे! क्या था, काका?"

"चावी अटक गई थी."

"ऐसे कैसे अटक गई?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण आवाज यायच्या आधी काका बोलून गेले, "पुराना कीबोर्ड है, शेठ. गर्मी में फूलता है. नया ले लो."

शेठनी कॉम्प्युटरवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बैठी क्या है? फाइल निकाल, ऑर्डर चालू कर." गावाला जायचं पुन्हा कुणी बोललं नाही. मी फाइल काढली, धागे ओवले. बारा सुया खाली आल्या. त्या दिवशी मी सगळी डिझाइनं दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि तो शेठच्या हातात दिला. हेही काकांनीच जाता जाता सांगितलं होतं: "एकाच पेटीत सगळं ठेवू नये."

संध्याकाळी गाळा बंद करताना काका त्यांच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं रागावतील. ते स्वतःशीच हसत होते.

"परवाच पांढरे कपडे घालून विहारात पंचशील म्हणून आलो. त्यातलं एक, खोटं बोलणार नाही. दोन दिवस टिकलं बघ."

मी म्हटलं, "काका, मी सांगते ना शेठना."

"सांगशील. आता नको. आता तुझा पाय इथे नीट टेकू दे."

मला तेव्हा आभार मानायचं सुचलं नाही. मी रस्ता ओलांडून निघाले. विठ्ठलवाडीच्या पुलावर आल्यावर मी पायरीवर बसले आणि बेलवलीकडच्या दोन लोकल सोडून दिल्या. सकाळपासून जे काही व्हायला हवं होतं ते बहुतेक तेव्हा झालं.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली. शेठनी दुसरी मशीन घेतली, तीही मीच बघते. दसऱ्याला पूजा करते, नैवेद्य ताटलीत घालून खिडकीत ठेवते. आईला हे सांगितलेलं नाही. पाय केव्हाच टेकलाय, तरी शेठना अजून सांगितलं नाही. रोज वाटतं, आज सांगावं. मग शेठ समोर येतात आणि चाव्यांचा जुडगा हातात घट्ट धरला जातो.

काकांचा गाळा गेल्या वर्षी बंद झाला. गुडघे दुखतात म्हणून ते चिखलोलीला मुलाकडे राहायला गेले. वहिनी अंबरनाथहून त्यांना भेटून येतात. म्हणतात, "विचारत होते, पोरगी आहे ना अजून कामाला?" मी आहे. त्यांच्यामुळे आहे. पण माझ्यासाठी बोललेलं खोटं त्यांच्या नावावर पडून आहे, आणि ते माणूस खोटं बोलणाऱ्यातलं नव्हे.

काका, एक दिवस मी शेठना सांगेन की गूळ मी ठेवला होता, तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुम्ही मला वाचवायला उन्हाचं नाव घेतलं. शेठ काय म्हणतील ते म्हणोत. त्यानंतरच तुमच्या घरी येईन आणि तुमचं पंचशील तुम्हाला परत केलं असं सांगेन. कधी ते आज लिहू शकत नाही. पण येईन.